ॲबिगेल की प्रॉक्टर, हा प्रश्नच चुकलाय

'द क्रूसिबल'वरनं हल्ली जिथं बघावं तिथं दोन पार्ट्या पडलेल्या दिसतात. एक म्हणते, बघा, अमेरिकी नाटककार आर्थर मिलरनं सत्तर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय की सुडाला पेटलेली एक पोरगी खोटं बोलली की चांगल्या माणसाचं वाटोळं होतं, मी टू वाल्यांनी हे नाटक पाठ करावं. दुसरी म्हणते, नाटकच बाईद्वेष्टं आहे, लग्न झालेला तिशीतला शेतकरी घरातल्या सतरा वर्षांच्या मोलकरणीशी लगट करतो, नंतर तिलाच रांड म्हणतो आणि शेवटी हुतात्मा होऊन फासावर चढतो, टाळ्या त्याला आणि शिव्या तिला. त्यात २०२५ ला ब्रॉडवेवर किंबर्ली बेलफ्लावरचं 'जॉन प्रॉक्टर इज द व्हिलन' आलं, नावच इतकं रोखठोक की नाटक न बघताही लोकांना बाजू घ्यायची सोय झाली. मला दोन्ही पार्ट्यांचं एकच खटकतं. दोघांनाही गुन्हेगार पिंजऱ्यातच हवाय, कुणाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, कुणाला आरोपीच्या. आणि खरा गुन्हेगार बसलाय खुर्चीवर, वॉरंटांवर सह्या करत, त्याच्याकडे कुणी बघायलाच तयार नाही.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिला प्रयोग २२ जानेवारी १९५३, न्यूयॉर्क. गोष्ट १६९२ ची, मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमची. पाद्री पॅरिसच्या घरातल्या आणि आजूबाजूच्या पोरी रात्री रानात नाचताना सापडतात, अंगाशी येतंय म्हटल्यावर भुताटकीचं नाव पुढं करतात, आणि बघता बघता अख्खं गाव एकमेकांना सैतानाचे हस्तक ठरवायला लागतं. ॲबिगेल ही पाद्र्याची भाची, आधी जॉन प्रॉक्टरकडे कामाला होती, त्यांचं जुळलं, बायकोला कळलं, तिनं हाकललं. आता ॲबिगेलला ती बायको, एलिझाबेथ, फासावर गेलेली हवीय. बोस्टनहून मोठे जज येतात, त्यांचा म्होरक्या डॅनफर्थ, आणि तुरुंग भरायला लागतात.

बाईद्वेष्टं म्हणणाऱ्यांचं आधी घेऊ कारण त्यांचा पॉइंट जास्त भक्कम आहे. खरी ॲबिगेल विल्यम्स होती अकरा-बारा वर्षांची. खरा जॉन प्रॉक्टर साठीचा. त्यांच्यात काही होतं याचा तिळभरही पुरावा नाही. मिलरनं एकीचं वय वाढवलं, एकाचं उतरवलं आणि मधे प्रकरण घातलं. नाटकाच्या सूचनांमध्ये ॲबिगेलची ओळखच दिसायला फार सुंदर आणि ढोंग करण्याची अफाट कुवत असलेली अशी करून दिलीय, म्हणजे पहिलं वाक्य बोलायच्या आधीच तिचा निकाल लागला. चौथ्या अंकात तर कहर आहे, तीन महिने तुरुंगात काढलेली, पोटुशी एलिझाबेथ नवऱ्याला सांगते की बायको थंड असली की नवऱ्याचा पाय घसरतो, चूक माझीपण होती. हे वाचताना पुस्तक भिंतीवर फेकावंसं वाटतं. आणि टिट्युबा, बार्बाडोसहून आणलेली गुलाम बाई, जिच्यापासून सगळं सुरू झालं, तिला मिलरनं पहिल्या अंकात वापरून घेतलं आणि शेवटी तुरुंगात दोन मिनिटांच्या विनोदाला ठेवली. याचा बचाव माझ्याकडे नाही.

पण मग पुढं काय? प्रॉक्टर व्हिलन, ॲबिगेल बिचारी, विषय संपला? समजा प्रॉक्टर संत असता, त्यानं त्या पोरीकडे मान वर करून बघितलं नसतं, तर सेलम टळलं असतं का? याचं उत्तर कल्पनेनं द्यायची गरज नाही, इतिहासानंच देऊन ठेवलंय. ते प्रकरण कधी घडलंच नव्हतं आणि तरी १९ माणसं फासावर गेली, ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरीला अंगावर दगड ठेवून चिरडून मारलं, निदान पाच जण तुरुंगात मेले आणि दीडशेच्या वर लोकांवर आरोप झाले. म्हणजे मिलरनं जे घुसडलं ती नाटकातली सगळ्यात कच्ची जागा, आणि त्याचे टीकाकार नेमकी तीच जागा नाटकाचं मर्म समजून धरून बसलेत. प्रॉक्टरचं चारित्र्य तपासत बसलं की कोर्ट अलगद सुटतं. आपल्याकडे 'शांतता! कोर्ट चालू आहे' बघून आल्यावर बेणारेबाईंचं वागणं बरोबर होतं का यावर कुणी तासभर वाद घालायला लागला तर आपण त्याला काय म्हणू? म्हणू की बाबा, तेंडुलकर तुला दाखवत होते ते त्यांच्याभोवती कोर्ट-कोर्ट खेळणारे लोक. मग इथंच का डोळे बांधून घ्यायचे?

आता दुसरी पार्टी. खोटा आरोप माणसाला संपवू शकतो हे कबूल, आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही हेही कबूल, आणि हे तत्त्व म्हणजे म्हाताऱ्या पुरुषांची पळवाट असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही. तिसऱ्या अंकात ॲबिगेल छताच्या तुळईकडे बघत नसलेला पक्षी दाखवते, बाकीच्या पोरी त्यांच्यातल्याच, पण सोंग उघड करायला आलेल्या मेरी वॉरनचं प्रत्येक वाक्य एका सुरात तिच्याच तोंडावर परत फेकायला लागतात, मेरी नका गं म्हणते, त्याही नका गं म्हणतात, आणि शेवटी मेरी मोडते आणि प्रॉक्टरवरच उलटते, तो सीन बघून अंगावर काटा येतो. खोटेपणा आहेच. पण यातनं 'कोर्टानं पोरींवर आंधळा विश्वास ठेवला, बायकांचं ऐकलं की असं होतं' हा निष्कर्ष कुठून काढला? कोर्टानं बायकांवर विश्वास ठेवला? फाशी गेलेल्या १९ पैकी १४ बायका होत्या, त्या सगळ्या शेवटपर्यंत सांगत होत्या की आम्ही चेटकिणी नाही, त्यांच्यावर का नाही ठेवला? रिबेका नर्स ७१ वर्षांची होती, गावात तिच्याबद्दल वाकडा शब्द निघत नव्हता, ज्युरीनं तिला निर्दोषसुद्धा ठरवलं होतं, तर मुख्य न्यायाधीश स्टॉटननं ज्युरीला परत विचार करायला लावला आणि मग ती दोषी निघाली. आणि मेरी वॉरन? तीही त्याच पोरींतली, तीही मोलकरीणच. इतरांवर आरोप करत होती तोवर तिचा शब्द म्हणजे देववाणी, आणि ज्या दिवशी म्हणाली की हे सगळं सोंग आहे त्या दिवसापासून तीच संशयित, हे नाटकातही आहे आणि खऱ्या सेलममध्येही जवळपास असंच झालं. कोर्टानं पोरींवर विश्वास ठेवला नव्हता. कोर्टाला जे ऐकायचं होतं तेवढं पोरींच्या तोंडून ऐकून घेतलं.

या पोरी कोण होत्या तेही बघा. अनाथ, मोलकरणी, काहींची घरं उत्तरेला मेनकडं मूळ अमेरिकी टोळ्यांशी झालेल्या लढायांत उद्ध्वस्त झालेली. एरवी ज्यांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं त्यांच्यापुढं एकदम जज माना तुकवायला लागले. दुसऱ्या अंकात मेरी वॉरन घरी येऊन मालकाला ठणकावते की मी आता कोर्टाची अधिकारी आहे, मला झोपायला जा म्हणून हुकूम सोडायचा नाही, आणि प्रॉक्टरच्या हातात तेव्हा चाबूक असतो. मला हा सीन अख्ख्या नाटकात सगळ्यात खरा वाटतो. चाबूक खाणाऱ्या पोरीला पहिल्यांदा आवाज मिळाला, पण एकाच अटीवर, की तिनं दुसऱ्याचं नाव घ्यायचं. अशी अट घालणारे कोण?

यंत्र कसं चालायचं त्याचा नमुना पहिल्याच केसमध्ये आहे. सुरुवातीला तिघी पकडल्या, टिट्युबा, भीक मागून जगणारी सेरा गुड आणि आजारी सेरा ऑझबर्न. १ मार्च १६९२ ला चौकशी सुरू झाली. टिट्युबा हो म्हणाली, सैतान भेटला, त्याच्या वहीत सह्या बघितल्या, अजून लोक आहेत. सेरा गुड नाही म्हणाली. ऑझबर्नही नाही म्हणाली. ऑझबर्न तुरुंगात मेली, सेरा गुडला जुलैत फाशी दिली, आणि टिट्युबा जगली. पुढं सबंध उन्हाळाभर हेच. गुन्हा कबूल करून त्यावर टिकून राहिलेल्या कुणालाच फाशी झाली नाही, नाकारणारे लटकले. आता सांगा, ज्या कोर्टात खोटं बोललं की जीव वाचतो आणि खरं बोललं की जातो, तिथं खोटारडं कोण आहे हे शोधायला तुम्ही ॲबिगेलच्या मागे का लागता?

नाटकात हे सगळ्यात चांगलं दिसतं ते एलिझाबेथच्या त्या एका 'नाही'मध्ये. प्रॉक्टर भर कोर्टात अब्रू उधळून कबूल करतो की या मुलीशी माझे संबंध होते म्हणून ती सूड घेतेय, आणि म्हणतो की माझ्या बायकोला विचारा, ती जन्मात खोटं बोललेली नाही. डॅनफर्थ व्यवस्था लावतो. ॲबिगेलला पाठमोरी उभी करतो, प्रॉक्टरला पाठमोरा उभा करतो, आणि एलिझाबेथला बोलावून म्हणतो, माझ्याकडे बघ, फक्त माझ्याकडे. ती बावरून नवऱ्याच्या पाठीकडे बघते, काही खूण मिळते का. मिळत नाही. मग प्रश्न येतो, तुझा नवरा व्यभिचारी आहे का. आणि आयुष्यात कधी खोटं न बोललेली ती बाई नवऱ्याचं नाव राखायला म्हणून अस्पष्ट आवाजात सांगते, नाही. झालं. तिला बाहेर नेता नेता प्रॉक्टर ओरडतो की मी कबूल केलंय गं, पण नोंद झालेली असते. किती नेटकी, किती निःपक्षपाती वाटणारी चाचणी! दोघं पाठमोरे, साक्षीदार पढवलेला नाही, प्रश्न एक, उत्तर एक. फक्त तिला हे सांगायचं कुणी कष्ट घेतले नाहीत की तुझा नवरा आधीच काय बोललाय. त्याच अंकात ९१ जणांच्या सह्यांचा अर्ज येतो, सगळे जमीनजुमला असलेले, चर्चला जाणारे लोक, म्हणणं एवढंच की आम्ही या बायकांना वर्षानुवर्षं ओळखतो, चांगल्या आहेत. डॅनफर्थ काय करतो? त्या ९१ जणांना चौकशीला बोलवायची वॉरंटं काढा म्हणतो. त्याचं लॉजिक तो स्वतःच सांगतो, माणूस या कोर्टाच्या बाजूनं असतो किंवा विरोधात, मधला रस्ता नाही. यात ॲबिगेलचा हात कुठे आहे?

यावर एक आक्षेप येतो आणि तो घेण्यासारखा आहे, की बाबा यंत्राला चालवायला माणसं लागतात, साक्षीदार नसते तर कोर्ट काय करणार होतं? म्हणून १६९२ च्या ऑक्टोबरकडे बघायला पाहिजे, जिथं नाटक पोचतच नाही. सेलमचा सगळा डोलारा एका नियमावर उभा होता. आरोपी बाई घरी झोपलेली असली तरी तिचं छायारूप येऊन मला चिमटे काढत होतं, गळा दाबत होतं, असं साक्षीदारानं सांगितलं की ते पुराव्यात धरायचं. आता याला काय उलटतपासणी घेणार? ऑक्टोबरात बोस्टनचा बडा धर्मगुरू इन्क्रीझ मॅदर म्हणाला की एक निरपराध मारला जाण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटल्या तरी चालतील. लक्षात घ्या, चेटकीण नसतेच असं तो म्हणत नव्हता, त्याचा विश्वास पक्का होता. गव्हर्नर फिप्सनं ते खास कोर्ट बरखास्त केलं (त्याच्या स्वतःच्या बायकोचं नाव कुजबुजीत यायला लागलं होतं म्हणून त्याला शहाणपण सुचलं असंही सांगतात, असेलही, मोठ्या लोकांना न्याय आठवतो तो असाच). जानेवारी १६९३ ला नवं कोर्ट बसलं, छायारूपाची साक्ष जवळपास मोडीतच काढली. पन्नासच्या आसपास लोकांचे खटले आले, दोषी ठरल्या तिघीच, आणि त्यांनाही फाशी झाली नाही. पोरी त्याच होत्या. गाव तेच, भांडणं तीच, सैतानाची भीतीही तीच, जजसुद्धा बरेचसे तेच. पुराव्याचा नियम बदलला आणि फाशा थांबल्या. माझ्या मते इतकं स्वच्छ उत्तर इतिहास फार क्वचित देतो.

मिलरनं सेलमच्या आडून आपल्या काळातल्या अमेरिकेत चाललेली कम्युनिस्टांची शोधमोहीम दाखवली होती. त्यावर तेव्हाचा मोठा आक्षेप वेगळाच होता, की सेलममध्ये चेटकिणी नव्हत्या पण अमेरिकेत कम्युनिस्ट खरोखर होते, हेरही होते, मग ही तुलना लबाडीची. यात दम आहे. नाटक आल्यावर पाचच महिन्यांनी, १९ जून १९५३ ला, रोझेनबर्ग पतिपत्नीला विजेच्या खुर्चीत बसवलं आणि ज्यूलियस रोझेनबर्ग सोव्हिएतसाठी हेरगिरी करत होता हे आता मानायलाच लागतं. पण त्या हेरांचा माग लागला होता तो रशियन गुप्त तारांचा उलगडा करून, नटनट्यांना त्यांच्या मित्रांची नावं विचारून नव्हे. कम्युनिस्ट हुडकायला बसवलेल्या संसदेच्या त्या अन-अमेरिकन कमिटीला (सिनेटर मॅकार्थी त्या कमिटीत नव्हताच, पण बिल त्याच्या नावावर फाटलं) नावं बहुतेक आधीच माहीत असायची. तरी ती तुमच्या तोंडून वदवून घ्यायची. दिग्दर्शक एलिया कझाननं १९५२ मध्ये ती घेतली. मिलरला १९५४ मध्ये पासपोर्ट नाकारला, ब्रसेल्सला याच नाटकाचा प्रयोग होता त्याला जाऊ दिलं नाही, १९५६ मध्ये कमिटीपुढं उभं केलं, तो स्वतःबद्दल बोलला आणि दुसऱ्यांची नावं घ्यायला त्यानं नकार दिला, १९५७ मध्ये दोषी, १९५८ मध्ये अपिलात सुटला. कमिटीच्या अध्यक्षानं निरोप धाडला होता की तुमची होणारी बायको मर्लिन मन्रो हिच्याबरोबर माझा एक फोटो काढू द्या, चौकशी रद्द करतो, असं मिलरनंच नंतर सांगितलंय. देशाला इतका मोठा धोका होता म्हणे. तीन वर्षं आधी त्यानं प्रॉक्टरच्या तोंडी घातलेलं हेच होतं, मी माझं पाप सांगेन, दुसऱ्याचं सांगायला मला जीभ नाही. प्रॉक्टर नवरा म्हणून कसा होता याच्याशी या वाक्याचा काहीही संबंध नाही, हे वाक्य वाईटातल्या वाईट माणसानं म्हटलं तरी तितकंच बरोबर.

आणि म्हणूनच नाटक कुठंही जातं. सांस्कृतिक क्रांतीत साडेसहा वर्षं एकांतकोठडीत काढलेल्या निएन चेंग यांनी ते शांघायमध्ये बघितलं आणि हे चिनी नसलेल्या माणसानं लिहिलंय यावर त्यांचा विश्वास बसेना, कारण चौकशीतले प्रश्न तेच. आपल्याला तर इतकं लांब जायलाच नको. पोलिसासमोरची कबुली पुरावा धरायची नाही हे १८७२ च्या पुरावा कायद्यातलं २५ वं कलम होतं (तो कायदा २०२४ मध्ये बदलला, नियम तसाच राहिला), ते इंग्रजांनी आपल्या प्रेमापोटी घातलं नव्हतं, कबुली कशी काढली जाते हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग १९९९ मध्ये आपल्या मकोकानं काही अटी घालून एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरच्या कबुलीला दार उघडून दिलं. आरोपी किती वाईट आहेत यावर आपण रात्र रात्र बोलतो, या दाराबद्दल कोण बोलतं? आणि नंदुरबारकडे सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण करणं, गावाबाहेर काढणं हे काही जुन्या पुस्तकातलं नाही. भगत नाव सांगतो, गाव मान डोलावतं, आणि पुष्कळदा त्यामागं जमिनीचा तुकडा निघतो, शेजाऱ्यांच्या जमिनींवर डोळा असलेल्या सेलमच्या पटनमसारखाच. डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर २०१३ मध्ये कायदा झाला, त्यात एखाद्याला चेटूक करतो म्हणून जाहीर करणं हाच गुन्हा ठरवला. ज्यांनी ते कलम लिहिलं त्यांना सेलम बरोबर कळलं होतं असं मी म्हणेन.

आता उठसूट 'माझी विच हंट चाललीय' म्हणणाऱ्यांबद्दल. ट्रम्प यांनी चौकशी लागली की हे शेकडो वेळा म्हणून घेतलंय, आणि मी टूच्या वेळी आपल्याकडच्या बऱ्याच बड्या मंडळींनाही सेलमच आठवलं. ठीक आहे, तपासू. तुमच्यावर आरोप झाला, तुम्ही नाही म्हणालात, मग काय झालं? वकील मिळाला का? उलट अब्रुनुकसानीचा दावा टाकता आला का? तुमच्या बाजूनं बोलणाऱ्या ९१ जणांना वॉरंट गेली, की त्यांना चॅनेलवर बोलावलं? सेरा गुडला यातलं काय मिळालं होतं? पण हाच गज उलट्या बाजूलाही लावायला हवा. जिथं गप्प राहिलं तरी गुन्हेगार, थोडं थांबा पुरावा बघू म्हटलं तरी गुन्हेगार, मित्राबद्दल चांगला शब्द काढला की पुढचा नंबर तुमचा, तिथं डॅनफर्थचंच डोकं चाललंय, मग तो जमाव आपल्या आवडत्या विचारांचा का असेना. बायकांचं ऐकून घ्या आणि आरोप तपासा, या दोन गोष्टींत मला कधी भांडण दिसलं नाही. सेलमच्या कोर्टानं यातली एकही केली नव्हती.

राहता राहिला डॅनफर्थ. हौशी ग्रुप हे नाटक करतात तेव्हा त्याला हमखास डोळे वटारणारा, आवाज चढवणारा खलपुरुष करतात. खुद्द मिलरलाही पुढं, १९५७ च्या प्रस्तावनेत, वाटायला लागलं की आपण याला पुरेसा दुष्ट केला नाही. इथं माझं मिलरशीच पटत नाही. त्यानं मूळ सूचनेत लिहिलेला डॅनफर्थ साठीतला, गंभीर, थोडी विनोदबुद्धी असलेला, सुसंस्कृत गृहस्थ आहे, फक्त आपल्या पदाशी आणि कामाशी काटेकोर इमान राखणारा. चौथ्या अंकात ॲबिगेल पाद्र्याची तिजोरी फोडून पळून गेलीय, शेजारच्या गावात बंडाची बातमी आहे, हेल हा त्यांनीच बोलावलेला चेटकाचा जाणकार पाद्री हातापाया पडतोय की फाशा पुढं ढकला, आणि डॅनफर्थ शांतपणे सांगतो की बारा जणांना आधीच फाशी दिलीय, आता थांबलो तर ते बारा निर्दोष होते अशी शंका येईल. हे ओरडून म्हणायचं वाक्यच नाही. हे एखाद्या सज्जन, थकलेल्या, फायलीवरनं नजर न उचलणाऱ्या अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणायचं वाक्य आहे, आणि तो रोल करायला ग्रुपमधला सगळ्यात गोड स्वभावाचा नट घ्यावा असं माझं मत आहे.